कलाभवनाची वाट आणि आपल्या गावची शाळा

बडोद्याच्या रावपुरा भागात सकाळच्या वेळी उभे राहिले, तर आपण गुजरातेत आहोत ह्याचा क्षणभर विसर पडतो. गायकवाडांच्या पाठोपाठ दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांची मराठी आजही येथील गल्ल्यांतून कानी पडते. मधोमध १८९६ साली उभारलेला चिमणाबाईंचा घड्याळाचा मनोरा आहे; लोक त्याला रावपुरा टॉवर म्हणतात. तेथून दांडिया बाजारावरून राजमहाल रस्त्याकडे चालत गेले, म्हणजे थोड्याच वेळात एका जुन्या विद्यालयाची इमारत लागते. तिचे नाव कलाभवन. आज तेथे महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची तंत्रविद्या व अभियांत्रिकीची शाखा आहे. रावपुऱ्यातील वडीलधारी माणसे मात्र तिला अद्यापि 'कलाभवन' ह्याच नावाने ओळखतात.

वाचकहो, गावोगावच्या सरकारी शाळांतून संगणक कसा शिकवावा, कोणत्या इयत्तेपासून शिकवावा, त्यासाठी काय काय विकत घ्यावे, ह्याची आखणी सध्या सर्वत्र चालू आहे. आपल्या मुलांचे पुढचे आयुष्य ह्या आखणीवर पुष्कळसे अवलंबून आहे. म्हणून सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी याच रस्त्यावर अशाच एका आखणीचे काय झाले, ते पाहणे उपयोगाचे ठरेल. तो काळ संगणकाचा नव्हता. वाफेच्या यंत्राचा, कापडाच्या गिरण्यांचा आणि जर्मनीतून येणाऱ्या नव्या रासायनिक रंगांचा होता. परंतु प्रश्न तोच होता. नवे यंत्र दाराशी आले आहे. ते आपल्या मुलाच्या हाती येणार, की आपले मूल त्याच्या हाती जाणार?

ही गोष्ट दोन माणसांची आहे, आणि दोघेही १८६३ सालचे. एकाचा जन्म नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी झाला. त्याचे नाव गोपाळ. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळख नव्हती. १८७५ साली बडोद्याच्या राजघराण्यात तो दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. राजवाड्यात आल्यावर त्याने पहिल्यांदा पाटी हाती धरली. पुढे ह्या राजाने शिक्षणासाठी जे जे केले, त्याच्या मुळाशी हा उशिरा मिळालेला पहिला धडा असावा, असे मला नेहमी वाटते. अक्षर न येणे म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगावे लागले नव्हते.

दुसरा सुरतेचा त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. गज्जर म्हणजे सुतार. संत योसेफाचा व्यवसाय ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालला, त्या घरातील हा मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि बडोदा कॉलेजात प्राध्यापक झाला. विद्वान झाल्यावर बाप-आजांच्या रंध्याची आणि पटाशीची लाज वाटू लागलेली माणसे आपण पाहतो. गज्जरांचे उलट झाले. हाताने काम करणाऱ्याची विद्या आणि पुस्तकात मिळणारी विद्या ह्या दोन वेगळ्या पंगतींत का बसतात, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी महाराजांपुढे योजना मांडली आणि १८९० साली कलाभवन सुरू झाले. चित्रकाम, सुतारकाम, यंत्रकाम, रंगाई व रसायनविद्या असे तेथील विषय होते. पुढे विणकामादी विषयांचीही भर पडली.

असे धंदेशिक्षण देणाऱ्या शाळा हिंदुस्थानात तेव्हा इतरत्रही निघत होत्या. कलाभवनाचा विशेष होता तो भाषेचा. गज्जरांनी आग्रह धरला की ही विद्या लोकांच्या बोलीतून, म्हणजे त्या राज्यात गुजरातीतून, शिकवावी. इंग्रजी येत नाही म्हणून रंगाऱ्याचा मुलगा रंगाचे रसायन शिकण्यास अपात्र ठरावा, हे त्यांना मान्य नव्हते. राजा स्वतः मराठी. परंतु त्याने प्रजेची भाषा पाहिली, आपली नव्हे. शास्त्रीय विषयांवरील पुस्तके देशी भाषेत तयार करण्यासाठी महाराजांनी ५०,००० रुपये मंजूर केले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. 'सयाजी ज्ञानमंजूषा' ह्या नावाने ग्रंथमाला निघाली, परिभाषेच्या कोशाचे काम हाती घेण्यात आले, आणि रंगाईच्या धंद्यातील लोकांसाठी 'रंगरहस्य' नावाचे नियतकालिकही काढण्यात आले.

'आपल्या भाषेत शब्द कोठे आहेत?' हा आक्षेप असल्या प्रत्येक कामात हटकून येतो, आणि आजही येतो. त्यात तथ्य थोडेच आहे. सुताराच्या तोंडी गुण्या, गिरमिट, रंधा, पटाशी हे शब्द होतेच. रंगाऱ्याला तुरटी आणि हिराकस ठाऊक होते. कोळी जाळ्याच्या आसाचे माप अचूक सांगतो. ज्याच्या हाती काम आहे त्याच्या तोंडी शब्द असतो. उणीव असते ती तो शब्द ऐकून पुस्तकात घालणाऱ्याची. आपल्या ख्रिस्ती समाजाला हे परक्याने सांगण्याची गरज नाही. इंग्लंडातून आलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापले, ते मराठीत. तारणाचा इतिहास जर ओवीबद्ध मराठीत सांगता आला, तर वीज आणि वाफ ह्यांचा का सांगता येऊ नये?

परंतु गज्जर ह्या संस्थेत फार काळ राहिले नाहीत. १८९६ साली ते बडोदे सोडून मुंबईस गेले. योजनेचा प्राण ज्या माणसात होता तो गेल्यावर देशी भाषेतील ग्रंथांचे काम मंदावले. कलाभवन मात्र टिकले, वाढले, नावारूपास आले. १९४९ साली ते नव्या विश्वविद्यालयात सामील झाले. आज तेथील अभियांत्रिकीचे शिक्षण इंग्रजीतून चालते. इमारत राहिली, यंत्रे नवी आली, आणि ज्या एका गोष्टीसाठी गज्जर झटले ती मागे पडली. नव्या आखणीकारांनी ह्या इमारतीपुढे पाच मिनिटे तरी उभे राहावे, असे मी म्हणतो ते ह्यासाठी.

तरीही त्या थोड्या वर्षांत जे पेरले गेले त्याचे पीक पाहण्यासारखे आहे. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली पडद्यावर आणणारे, त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके कलाभवनात शिकलेले. छायाचित्रणाची कळ दाबण्यापूर्वी त्यांनी तेथे चित्रकलेचे धडे गिरवले होते. १९०७ साली बडोद्यास 'अलेंबिक' हा रसायनांचा कारखाना निघाला, तो गज्जर, त्यांचे शिष्य कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन ह्यांच्या खटपटीने. त्या कारखान्याचे नाव आज औषधांच्या बाटल्यांवर आपल्या घरोघरी आलेले आहे. एक सुताराचा मुलगा प्राध्यापक होतो, त्याचे शिष्य कारखाना काढतात, आणि तो कारखाना शेकडो घरांच्या चुली पेटवतो, ही साखळी कोणत्याही अंदाजपत्रकात आधी लिहून ठेवता येत नाही.

कलाभवन शहरात होते. खेड्यांचे काय? ह्या प्रश्नाचे बडोद्याने दिलेले उत्तर मला कलाभवनाहूनही मोलाचे वाटते. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू झाले आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यात लागू झाले. नामदार गोखले ह्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात सक्तीच्या शिक्षणाचे बिल मांडले, तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. ते बिल फेटाळले गेले, हा भाग निराळा. परंतु सयाजीरावांना थोड्याच वर्षांत दिसून आले की शाळा सोडलेले मूल शेतावर जाते आणि दोन-चार वर्षांत वाचणे विसरते. शिकवलेले वाहून जाते, कारण घरी व गावी वाचावयास काही नसते. म्हणून त्यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांच्या व मोतीभाई अमीनांसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या श्रमांनी राज्यात ग्रंथालयांचे जाळे विणले गेले.

ह्या ग्रंथालयांची दोन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे पैशांची वाटणी. गावाने जितकी वर्गणी जमवावी, तितकीच रक्कम पंचायतीने आणि तितकीच सरकारने घालावयाची. त्यामुळे ग्रंथालय सरकारचे न राहता गावाचे झाले. ज्याने चार आणे दिले तो कुलूप का लागले म्हणून विचारण्यास येणारच. दुसरे म्हणजे फिरत्या पेट्या. ज्या गावी ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या सरकारी खर्चाने जात, वाचून होत, परत येत आणि पुढच्या गावी निघत. आणि ज्यांना अक्षरच येत नव्हते त्यांच्यासाठी त्याच खात्याची एक शाखा जादूच्या कंदिलाची चित्रे व हलती चित्रे घेऊन गावोगाव फिरे. चावडीपुढे पांढरे कापड बांधलेले आहे, शेतकरी आणि बायामुले जमिनीवर बसली आहेत, आणि पडद्यावर दूरदेशचे दृश्य उमटते आहे. आज ज्याला 'डिजिटल वर्ग' म्हणतात त्याची ही पणजीच म्हणावयाची. फरक इतकाच की त्या कंदिलाबरोबर दृश्य समजावून सांगणारा माणूस येत असे.

आता आपल्या काळाकडे वळू. केंद्र सरकारच्या शाळाविषयक माहितीप्रमाणे २०२४-२५ साली देशातील शंभरपैकी सुमारे ६५ शाळांत संगणक होता आणि सुमारे ६३ शाळांत इंटरनेट. त्याच्या आदल्या वर्षी हेच आकडे ५७ व ५४ होते. प्रगती आहे, हे मान्य केलेच पाहिजे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या संगणककक्षासाठी एकदाच ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे पाच वर्षे दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत रक्कम देण्याची तरतूद आहे. वाचकांनी ह्यातील दुसरी रक्कम नीट पाहावी. पहिलीने पेट्या येतात; शिकवणारा माणूस, वीज आणि इंटरनेट दुसरीतून चालावयाचे. पहिल्या रकमेच्या उद्‌घाटनाला हार-तुरे येतात. दुसरीची चौकशी करण्यास कोणी येत नाही. मग प्लास्टिकचे आवरण न काढलेले संगणक, दाराला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, हे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले असेल.

दरम्यान यंत्र मागच्या दाराने घरात शिरलेच आहे. २०२४ सालच्या 'असर' पाहणीत खेड्यांतील १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना विचारण्यात आले. शंभरपैकी ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी ७६ जणांनी आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरला होता. अभ्यासाच्या काही कामासाठी वापरणारे ५७ होते. आणि फोन वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे शंभरात ३६, तर मुली २७. म्हणजे मुलाला यंत्र येत नाही ही आपली अडचण राहिलेली नाही. त्याला यंत्राकडून मनोरंजन करून घेता येते, काम करून घेता येत नाही. मुलीला तर अनेक घरांत भाऊ झोपल्यावरच फोन मिळतो.

संगणकाला काम सांगण्याची विद्या कशाशी खातात, हे शिकवण्यास फार मोठे यंत्र लागत नाही. घरी आई माशाचे कालवण करते. आधी काय वाटावयाचे, मासा केव्हा सोडावयाचा, रस घट्ट झाला तर काय करावयाचे आणि आंबट कमी पडले तर काय, ही सारी कृती क्रमाने, एकही पायरी न गाळता, ज्याने कधी चूल पाहिली नाही अशा माणसाला कागदावर लिहून द्यावी. संगणकाची आज्ञावली म्हणजे अशीच कृती होय. जी मुलगी ती कृती नीट लिहील तिने अर्धी वाट चालून संपवली. परंतु हे तिच्या भाषेत सांगणारा शिक्षक हवा. इंग्रजी शब्दांची यादी पाठ करवून घेणारा नको.

असे शिक्षक आपल्या महाराष्ट्रात नाहीत असे नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालून पुस्तकाचे पान आणि पडदा ह्यांची सांगड घातली; पुढे राज्याच्या पुस्तकांतही ती पद्धत आली. २०२० सालचे 'ग्लोबल टीचर' पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग ह्यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे शाळेत न रमलेली खेड्यातील मुले लोखंड जोडून, विजेचे काम करून, शेती करून विज्ञान शिकत आली. २००२ साली अमेरिकेतील 'एमआयटी' ह्या संस्थेने आपल्या आवाराबाहेरची पहिली 'फॅब लॅब', म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर वस्तू घडवण्याची कार्यशाळा, काढली ती ह्या पाबळ गावात. गज्जरांना हे पाहून समाधान वाटले असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून गावच्या सुताराकडे, कुंभाराकडे, माळ्याकडे शिकावयास जावे, असे सुचवले आहे. ते कागदावर किती राहते आणि सुताराच्या अंगणात किती उतरते, हे आपण पाहावयाचे आहे.

पवित्र ख्रिस्तसभेला हा प्रश्न नवा नाही. कलाभवन निघाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. गिरणी आणि वाफयंत्र ह्यांनी कामगाराच्या घराची काय दशा केली, त्याला न्याय्य वेतन का मिळाले पाहिजे, हे त्यांनी जगाला सांगितले. २०२५ च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले आणि कार्डिनलांपुढे त्याचे कारण सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्ता ही आजची औद्योगिक क्रांती आहे, आणि मनुष्याची प्रतिष्ठा, न्याय व श्रम ह्यांपुढे तिने नवी आव्हाने उभी केली आहेत, म्हणून त्यांना लिओ तेराव्यांचे स्मरण झाले. त्याच वर्षी जानेवारीत रोमहून निघालेल्या 'आंतिक्वा एत नोवा' ह्या टिपणात शिक्षणावर स्वतंत्र विवेचन आहे. शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर बसण्याने जे घडते ते यंत्राने भरून निघत नाही, असा त्याचा रोख आहे. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी वेदीचा मान मिळालेले संत कार्लो अकुतिस, पंधराव्या वर्षी देवाघरी गेलेला हा मुलगा, संगणकाची विद्या आपली आपण शिकला आणि तिचा उपयोग त्याने पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती जगापुढे मांडण्यासाठी केला. आपल्या मुलांना त्याचे चित्र अवश्य द्यावे. पण तो ते यंत्र खेळण्याखेरीज दुसऱ्या कामासाठी वापरावयास कसा शिकला, हेही सांगावे.

आता आखणीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. केंद्र सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर केले की २०२६-२७ पासून तिसरी इयत्तेपासून कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार हा विषय आणावयाचा आहे. दिल्लीची आखणी दिल्लीत होवो. परंतु २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेची आखणी करण्याचे काम एका वेगळ्याच मंडळीकडे दिले आहे, आणि त्या मंडळींना त्याची बहुधा दाद नसते. ती मंडळी म्हणजे आपणच. जिल्हा परिषदेच्या व नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, असे कायदा म्हणतो. शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे ह्याच समितीचे कर्तव्य आहे, आणि सरकारने द्यावयाच्या अनुदानाला तो आराखडा आधारभूत मानावा, असेही त्याच कायद्यात लिहिले आहे.

आमच्याकडील पालक सभेला जातात, चहा घेतात आणि दाखवाल तेथे सही करतात. हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही; दिवसभर वाडीत राबलेल्या माणसाला कागद वाचण्याचे त्राण नसते, आणि गुरुजींच्या शब्दाला मान देणे हे आपल्या रक्तात आहे. परंतु चार प्रश्न विचारण्याने गुरुजींचा अवमान होत नाही. संगणक किती, ह्यापेक्षा प्रत्येक मुलाचा हात आठवड्यातून किती वेळ त्यावर पडतो? शिकवणारा कोण, आणि त्याच्या पगाराची सोय पुढच्या वर्षीही आहे काय? धडा मराठीत आहे काय? आणि मुली मुलांच्या खांद्यावरून पाहतात, की त्यांची स्वतःची पाळी असते? चौथा प्रश्न एखाद्या आईने विचारावा. पुरुषांना तो सुचत नाही, असा अनुभव आहे.

केंद्राच्या नियमावलीप्रमाणे हा आराखडा तीन वर्षांचा असतो. समिती ज्या आर्थिक वर्षात प्रथम बसते, ते वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने तो तयार व्हावयास हवा. म्हणजे तो दिवस डिसेंबराच्या अखेरीस येतो, ऐन नाताळात. फराळाची, गोठ्याची आणि पाहुण्यांची गडबड घरोघर असते, आणि शाळेतून आलेला निरोपाचा कागद फळीवर तसाच पडून राहतो. ज्या घरी असा कागद येईल त्या घरातील शिकत्या मुलीने तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि सभेला जाताना आईने तिला बरोबर न्यावे.